घराच्या बदल्यात घर

द्वारका चौकाच्या सिग्नलला स्कूटर थांबवून चिंतामण गायधनी उभा होता, तेवढ्यात शेजारच्या सहा आसनी रिक्षातून सहादू भोयेने डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "साहेब, मागची खोली सरिताला देऊन टाकली. बारावी हाय ना. दार लावून बसती दिवसभर, जेवायला पन उठत नाय." एवढंच. सिग्नल सुटला, सिंहस्थासाठी उकरून ठेवलेल्या रस्त्याची धूळ उडाली, आणि सहादूचा हसरा चेहरा आणि निरोपाला वर केलेला हात त्या धुळीत दिसेनासा झाला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तशी चिंतामणने घाईघाईने किक मारली. स्कूटर चालूच होती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. भर चौकात कुणी थोबाडीत मारली तर माणसाला निदान गाल चोळता येतो. इथे तर एका बापाने आपल्या लेकीचं कौतुक सांगितलं होतं, आणि चिंतामणला चोळायला गालही नव्हता. मुंबई नाक्यापर्यंत तो कसा आला, मध्ये किती सिग्नल लागले, त्याला सांगता आलं नसतं. दार लावून बसते. जेवायला उठत नाही. हे शब्द त्याने पूर्वी कुठे ऐकले होते ते त्याला पक्कं ठाऊक होतं; ते त्याचे स्वतःचेच होते.

नऊ महिन्यांपूर्वी त्या दोघांनी घरं बदलली होती. विकली नव्हती, विकत घेतली नव्हती, बदलली होती. चिंतामणचा गंगापूर रोडवरचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट सहादूला, आणि सहादूचं पाथर्डी फाट्याजवळचं बैठं घर चिंतामणला. सरकारी नोकरीत आपसी बदली असते, तू माझ्या जागी, मी तुझ्या जागी, वर साहेबाची सही; तीच युक्ती त्याने घराला लावली. तो पाटबंधारे खात्यात आरेखक होता, धरणांचे आणि पाटांचे नकाशे काढत तीस वर्षं काढलेली. अशा माणसाला दुसरी युक्ती सुचणार तरी कुठून. खात्यात लोक हसले. गंगापूर रोड देऊन पाथर्डी फाटा घेणारा माणूस एकतर संत असला पाहिजे नाहीतर अर्धवट, असं टेबलाटेबलांवर बोललं गेलं. चिंतामण सगळ्यांना सांगे, आमच्या हिचे गुडघे, दोन मजले चढवत नाहीत. श्यामलाचे गुडघे खरोखरच दुखत, त्यामुळे हे सांगताना त्याची जीभ अडखळत नसे. ज्यांना खरं काय ते ठाऊक होतं, ते मान डोलावत आणि चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलाशी जात.

खरं असं होतं की त्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, एका मंगळवारी दुपारी, त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, श्रेयसने, स्वतःला संपवलं होतं. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष, चार विषय राहिलेले. तोही दार लावून बसायचा, आणि चिंतामण आल्यागेल्याला मोठ्या तोऱ्यात सांगायचा, आमचा मुलगा जेवायलासुद्धा उठत नाही, ताट आत न्यावं लागतं. आपल्याकडे सगळ्याच घरांत एक समज असतो, वास्तू तथास्तु म्हणते. घरात वाईटसाईट बोलू नये, वास्तुपुरुष सगळं ऐकत असतो आणि कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणून मोकळा होतो. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी चिंतामण निकालाचा कागद हातात धरून त्या बंद दारापुढे उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "या घरात तुझ्या हातून काही व्हायचं नाही." आवाज चढवला नव्हता. आवाज चढवला नव्हता, हे तो पुढे कितीतरी महिने स्वतःला बजावत राहिला, जणू न चढवलेला आवाज दारातून आत जात नाही. श्यामला कणकेच्या हातांनी बाहेर आली होती, अहो, असं बोलू नका, वास्तू तथास्तु म्हणते, म्हणाली होती. दाराच्या आत खुर्ची थोडीशी सरकल्याचा आवाज झाला होता. पुढे त्या रविवारविषयी नवराबायको एकमेकांशी एक शब्दही बोलली नाहीत. पण श्यामला त्या घरात बोलायचीच बंद झाली, म्हणजे अगदी मीठ हवं असलं तरी उठून घेऊ लागली. तेराव्यानंतर ती सलग काही बोलली ते एवढंच, "घर विकू नका. विकलं तर ते पैसे आपण खाणार." त्यानंतर चिंतामणने एजंटाला दारातूनच परत पाठवलं. घराच्या बदल्यात घर घेतलं तर मध्ये काही खाण्यापिण्याचं येत नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि तो त्याला त्या वेळी स्वच्छ वाटला होता.

सहादूला आणलं खात्यातल्या झुंबर शिपायाने. सहादू सुरगाण्याकडचा, डोंगरातला आदिवासी, जवळच्याच एका कचेरीत कारकून. गावाकडे भाताची आणि नागलीची थोडी शेती. मुलगी हुशार, तिचं कॉलेज गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्यावरून दोन बस बदलाव्या लागत. घर बघायला तो बायकोला, भागुबाईला, घेऊन आला. दोघांनी चपला खालच्या जिन्यातच काढल्या होत्या. चिंतामणने बैठकीची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, गॅलरी दाखवली, आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी तो थांबला. खोलीला नुकता चुना दिला होता, चुन्याचा ओला वास येत होता. सहादूने आत डोकावून पाहिलं आणि बायकोला म्हणाला, "हितं भाताची पोती ऱ्हातील." बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, चिंतामणला तर हा अख्खा ओंडका सापडला. पोती राहतील. माणूस राहणार नाही. मग सांगायचं कारण काय? पोत्यांना काय सांगायचं? दस्ताला जोडायचा दोन्ही घरांचा नकाशा त्याने स्वतः काढला, काळ्या शाईत, तीस वर्षांच्या सवयीने, आणि बिल्डरच्या मूळ नकाशात जिथे बेडरूम असं होतं तिथे त्याने सुबक अक्षरांत कोठी असं लिहिलं. नकाशात जे लिहिलं ते जमिनीवर होतं, यावर त्याचा नोकरीभर विश्वास होता. पाट म्हटलं की पाट, कालवा म्हटलं की कालवा. कोठी म्हटलं की तिथे कुणी निजणार नाही, कुणी टेबल लावणार नाही, कुणी दार लावून बसणार नाही.

निबंधकाच्या कचेरीत दस्त वाचून दाखवला. सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून तीवर कोणाचाही हक्क, हितसंबंध वा बोजा नाही. कारकून हे दिवसातून वीसदा वाचत असावा, त्याच्या सुरात झोप होती. सहादूने सही केली, चिंतामणने केली. कचेरीच्या व्हरांड्यात श्यामलाने त्याला बाजूला घेतलं. सांगितलंत ना त्यांना, असं तिने विचारलं. सांगतो, तो म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. सांगतो म्हणून गेले ते नऊ महिने. आधी वाटलं सामान लागू दे, मग वाटलं दिवाळी होऊ दे, लोकांच्या सणात कशाला मिठाचा खडा टाका, आणि मग वाटायचंही बंद झालं. दृष्टीआड सृष्टी. पाथर्डी फाट्याच्या घरात त्यांना झोप लागू लागली होती. श्यामला मीठ मागू लागली होती. त्या घराच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा ओढलेल्या होत्या, सरिता चार वर्षांची असल्यापासून सोळाची होईपर्यंत दर वाढदिवसाची एक रेघ आणि शेजारी तारीख. रंग द्यायला आलेल्या माणसाला श्यामलाने ती चौकट रंगवू दिली नाही. तेवढी सोडा, म्हणाली. जाता येता तिचा हात त्या रेघांवरून फिरायचा, आणि चिंतामण पाहून न पाहिल्यासारखं करायचा. त्या मुलीला त्याने उभ्या आयुष्यात तीनदा पाहिलं असेल, पण ती कोणत्या वर्षी किती वाढली हे आता त्याला तोंडपाठ होतं. आठवीत ती एकदम चार बोटं वाढली होती.

द्वारकेच्या त्या दुपारनंतर चार दिवस त्याने कुणाला काही सांगितलं नाही. खात्यात टेबलावर कागद पसरून बसला की रेघ ओढायच्या आधी हात थबके. परीक्षेला तीन आठवडे होते. तीन आठवडे म्हणजे एकवीस दिवस, आणि रोज ती त्या दाराआड. टेबल कुठे लावलं असेल? खिडकीखालीच, दुसरीकडे लागतच नाही. खिडकीखाली टेबल, दाराकडे पाठ. त्याने त्या खोलीचा नकाशा इतक्या वेळा काढला होता की डोळे मिटले तरी भिंती जागच्या जागी उभ्या राहत. त्यात आता एक पाठ दिसू लागली. कधी ती मुलीची असे, दोन वेण्यांची, कधी नसे. खोल्यांना काही होत नसतं, तो स्वतःशी म्हणे, विटा आणि सिमेंट. मग तू का निघालास तिथून, असं त्याच्याच आतून येई. आणि सांगितलं तर काय होईल? पोरगी घाबरेल, परीक्षा जाईल, परीक्षा गेली तर, आणि इथे विचार एकदम थांबे. आणि नाही सांगितलं तर? वास्तू ऐकत असते म्हणतात. तिने ऐकलेलं वाक्य ती पुसते का? नवीन माणसं आली म्हणून जुनं तथास्तु मागे घेते का? असल्या प्रश्नांना हसणारा माणूस तो होता. आता हसू येत नव्हतं. भीती वाटत होती, सरळ भीती, लहान मुलाला वाटते तशी, आणि भीतीच्या खाली, तिच्यापेक्षा जुनी, लाज होती.

पाचव्या दिवशी संध्याकाळी श्यामला चौकट पुसत होती. पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, परीक्षा कधी आहे तिची. मग त्याला राहवलं नाही. त्याने द्वारकेचं सगळं सांगितलं, आणि सांगायचं राहिलं होतं हेही सांगितलं. ती रागावेल, रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने फडकं दोरीवर वाळत टाकलं, हात पुसले आणि म्हणाली, "माझ्या लक्षात आलं होतं. उद्या रविवार आहे. उद्या जा." मी येऊ का, असं तिने विचारलं नाही, आणि त्यानेही म्हटलं नाही.

सकाळी दहाला तो जिना चढला तेव्हा त्याच्या पायांना पायऱ्या मोजायची गरज पडली नाही. कठड्याचा लाकडी दांडा दुसऱ्या वळणावर सैल होता, तो अजून तसाच होता. दारावर सहादूच्या नावाची पाटी होती. भागुबाईने दार उघडलं, या दादा, म्हणाली, आणि आत जाऊन पाणी आणलं. सहादू बनियनवर वर्तमानपत्र वाचत बसला होता, त्याने उठून सदरा चढवला. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. चिंतामण त्या दारासमोरच्या खुर्चीवर बसला, मग उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला. श्यामलावहिनी कशा आहेत, पाथर्डी फाट्याला पाणी येतं का नीट, हे सहादूचं विचारून झालं. चहा आला. चिंतामणने कप हातात धरला आणि घसा साफ केला.

"भोये, एक गोष्ट सांगायची राहिली होती. दस्ताच्या आधीच सांगायला हवी होती. त्या खोलीत माझा मुलगा गेला. आपल्या हाताने गेला."

इतकी वर्षं नकाशे काढून त्याला ठाऊक होतं की शेवटची रेघ ओढली की हात हलका होतो. तसं काही झालं नाही. भागुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सहादूने वर्तमानपत्राची घडी घातली, ती गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "ठाव हाय, साहेब."

पहिल्याच दिवशी कळलं होतं, त्याने सांगितलं. घर बघून दोघं उतरत होती तेव्हा तळमजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांना फाटकाशी थांबवलं, बाजूला घेतलं, आणि वार, महिना, वेळ, सगळं सगळं सांगितलं. मोठ्या कळवळ्याने सांगितलं. तुमची मुलगी लहान आहे, विचार करा, असंही म्हणाले.

"आमी माघारी जावं म्हनून सांगितलं त्यांनी," भागुबाई म्हणाली. "आमी म्हनलं, म्हंजी हे घर आपल्याला भेटंल."

चिंतामणला ते लगेच कळलं नाही, म्हणून सहादूने समजावून सांगितलं, कचेरीत नवीन माणसाला फाइल समजावून सांगावी तशा सुरात. त्याआधी या भागात त्यांनी चार जागा पाहिल्या होत्या. पाट्या लागलेल्या, फ्लॅट विकणे आहे. बँकेने कर्ज मंजूर केलेलं, कागद पिशवीत. दार उघडायचं, माणूस आत घ्यायचा, पाणीही द्यायचा. मग नाव विचारायचा, मग गाव विचारायचा, आणि मग म्हणायचा, अरेरे, कालच गेला हो. "मी बरं म्हनायचं आनि जिना उतरायचा. दुसरं काय म्हननार? पाटी आठ दिवसांनी पन तिथंच." सहादू हसला, खोटं नाही, खरोखरच हसला. "तुमचं घर कोन घेत नव्हतं, आमाला कोन देत नव्हतं. जमलं."

चिंतामणने मागच्या दाराकडे पाहिलं. मुलीला ठाऊक आहे का, हे त्याला विचारायचं होतं, पण तोंडातून नुसतंच सरिता एवढं आलं. तिला राहायला आलो त्याच दिवशी सांगितलं, सहादू म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा घरच्याच्या तोंडून बरं. ती दोन दिवस गप्प होती, पुढे बारावीच्या अभ्यासाला तिनेच खोली मागितली. पोती गॅलरीत नेली. रस्त्याच्या कामाचा आवाज येतो म्हणून दार लोटून घेते. "कडी काढून टाकलीय मी आतली," तो म्हणाला. "दार लावती, पन कडी नाय. आनि ही दर तासाला काय ना काय घेऊन जाती. पानी, नायतर शेंगदाणे. पोरगी चिडती. चिडू दे."

कडी. पितळेची, चार स्क्रूची, त्याने स्वतः द्वारकेच्या दुकानातून आणून बसवली होती, मुलाला अभ्यासाला एकांत पाहिजे म्हणून. ती काढायला पाच मिनिटं लागली असती. स्क्रूड्रायव्हर स्वयंपाकघरातल्या खणात असायचा. त्याला पुढचं काही ऐकू येईना; भागुबाई काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. त्याला वाटलं होतं की आपण या लोकांना एक भयंकर गोष्ट सांगायला चाललो आहोत, त्यांच्या पायांखालची जमीन काढून घ्यायला चाललो आहोत, आणि ते आपल्याला शिव्या देतील, हाकलतील, आणि हाकलल्यावर आपल्याला थोडं बरं वाटेल. यांच्या पायांखाली जमीन कधीच कुणी दिली नव्हती. म्हणून यांनी आधी पाय कुठे ठेवतोय ते बघून घेतलं होतं.

"एक इचारू, साहेब? राग नका मानू," सहादू म्हणाला. "तुमच्या मानसांत कोनालाच नको होतं का हे घर?"

त्याने ते सहज विचारलं. आवाजात खोच नव्हती, डोळ्यांत राग नव्हता. नऊ महिने मनात राहिलेली एक शंका, समोर माणूस आला म्हणून विचारली. आणि चिंतामणच्या समोर त्याचा चुलतभाऊ दत्तू उभा राहिला. दत्तू पंचवटीत भिक्षुकी करायचा. श्रेयसचे सगळे विधी त्यानेच केले होते, त्याच्यापासून काही लपलेलं नव्हतं. सहादू यायच्या तीन आठवडे आधी तो याच खोलीत बसून म्हणाला होता, घर आमच्या लेकीच्या, आभाच्या, संसाराला दे, तिच्या नवऱ्याची सातपूरची जागा तू घे, मी स्वतः बसून वास्तुशांत करतो. घराच्या बदल्यात घर, तेव्हाही तेच होतं. चिंतामणने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि सांगितलं होतं, दत्तू, त्या खोलीत आपली पोर निजायला नको. बोलताना त्याला भरून आलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ते आठवून त्याला आपल्याविषयी चांगलं वाटत आलं होतं, इतकं सगळं हातून गेलं तरी एवढं तरी आपण केलं. आणि तीन आठवड्यांनी झुंबरने सहादूला आणलं, सहादू म्हणाला माझी मुलगी हुशार आहे, आणि तेव्हा ते वाक्य त्याच्या ओठावर आलं नाही. ओठावर आलं आणि गिळलं, असंही नाही. ते मनातच आलं नाही. त्याने कोठी लिहिलं आणि सही केली.

आता ते त्याच्या तोंडाशी होतं. होतं, भोये, एकाला हवं होतं, एवढंच म्हणायचं. मग सहादू विचारणार, मग त्याला का दिलं नाही? आणि त्याचं उत्तर या खोलीत, या बाईसमोर, त्या लोटलेल्या दारासमोर द्यायचं. दाराआडून पान उलटल्याचा आवाज आला. चहावर साय धरली होती. सहादू वाट पाहत होता, घाई नसलेल्या माणसासारखा, आणि चिंतामणला कळत होतं की तो जे सांगायला आला होता ते हेच होतं, मघाचं नव्हे.

"नाही," तो म्हणाला. "कुणी विचारलंच नाही."

सहादूने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली.

"बरं," तो म्हणाला.